भालेराव मास्तरांचा ठोका

उल्हासनगरच्या कॅम्प नंबर तीनमध्ये, जीन्स शिवणाऱ्या दोन कारखान्यांच्या मधल्या गाळ्यात एका ब्रास बँडचं ऑफिस होतं. ऑफिस म्हणजे एक लांबट खोली. भिंतीवर खिळ्यांना लाल-सोनेरी गणवेश टांगलेले, कोपऱ्यात ढोल, फळीवर पितळी वाद्यं. संध्याकाळी इथून माणसं वरातीला निघत. सकाळी सात ते नऊ याच खोलीत भालेराव मास्तर आजारी माणसांना श्वास घ्यायला शिकवत.

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी मी एका दैनिकाला उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूरच्या बातम्या देत असे. बाजारातल्या अतिक्रमणांची बातमी करायला गेलो होतो, तेव्हा बँडच्या मालकांनी मला हाक मारली. मालक सिंधी होते. सगळे त्यांना सेठ म्हणत. ते म्हणाले, "वो छोडो, साईं. कल सुबह मेरे यहाँ आओ. मेरा मास्टर हवा बेचता है. वो भी फुकट में."

दुसऱ्या दिवशी गेलो. मास्तर तेव्हा पंचेचाळिशीचे असतील. उंची बेताची, छाती रुंद, डावी पापणी जराशी उतरलेली. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट. शर्टाच्या खिशात रुमालात गुंडाळलेलं ट्रम्पेटचं माउथपीस असे. बोलताना ते बाहेर काढून अंगठ्याने पुसत आणि बोलणं संपलं की परत गुंडाळून ठेवत. राहायला अंबरनाथला होते. शेअर रिक्षात ड्रायव्हरच्या शेजारी बसले तरी उजव्या हाताचं बोट गुडघ्यावर ठोका देत राही. ठोका सेकंदाला दोन. वरातीच्या चालीचा वेग तोच.

बँडमधली माणसं सांगत, मास्तरांचा ठोका घड्याळाने तपासायची गरज नाही, मास्तरांच्या ठोक्याने घड्याळ तपासावं. रस्त्यावर नवरदेवाचे मित्र नाचायला लागले की वाजवणाऱ्यांचे हात आपोआप भरभर पडायला लागतात. मास्तरांना ते अजिबात खपत नसे. ते चालता चालता मागे वळत आणि साइड ड्रमवाल्या बबनला म्हणत, "पळवू नको रे. लग्न आहे, आग नाही लागलेली."

हे वाक्य मी त्यांच्या तोंडून पुढे कितीतरी वेळा ऐकलं.

त्यांचं स्वतःचं आजारपण त्यांनी मला तीन-चार बैठकांत, तुकड्यातुकड्याने सांगितलं. एका वरातीत ओठांना माउथपीस धरवेना. दुसऱ्या दिवशी पाय उचलेनात. तिसऱ्या दिवशी मुंबईच्या मोठ्या इस्पितळात त्यांच्या गळ्यात नळी होती आणि श्वास मशीन घेत होतं. नसांवर अचानक येणारा लकवा होता तो. डॉक्टर त्याला जीबी सिंड्रोम म्हणत. हा लकवा जसा येतो तसा बहुतेकांचा हळूहळू उतरतोही, पण तोवर छाती सांभाळावी लागते.

"सगळं कळत होतं, पत्रकारसाहेब," मास्तर म्हणाले. "फक्त स्वतःचा श्वास स्वतःचा नव्हता. मशीनचा ठोका पण बेकार. मी आत पडल्या पडल्या त्याला शिव्या देत होतो."

मशीन सुटल्यावर तिथल्या एका फिजिओथेरपिस्ट बाईंनी त्यांना पुन्हा श्वास घ्यायला शिकवलं. पोटावर हात ठेवून, नाकाने आत, ओठ चिमटून बाहेर. खोकताना बरगड्यांखाली कसं दाबायचं. आणि मोजणी. छातीभर श्वास घ्यायचा आणि त्या एकाच श्वासात एकपासून मोठ्याने आकडे म्हणायचे, सेकंदाला दोन. जिथे श्वास संपेल तो आपला आकडा. मशीन सुटलं त्या आठवड्यात मास्तरांचा आकडा होता तेरा. घरी आले तेव्हा एकतीस. ट्रम्पेट पुन्हा तोंडाला लावलं तेव्हा अठ्ठेचाळीस. बाईंनी निघताना एक कागद लिहून दिला होता. पंधराच्या खाली आकडा आला तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा, एवढंच त्यावर होतं.

तो नियम मास्तरांनी मोठ्या अक्षरात पुठ्ठ्यावर लिहून बँडच्या खोलीत लावला. शेजारी फळा. फळ्यावर नावं आणि पुढे आकडे.

शिकवण्याची पद्धत साधी होती. सरबताच्या बाटलीत अर्धं पाणी, त्यात रबरी नळी; नळीतून फुंकून बुडबुडे काढायचे, एकसारखे. मेणबत्तीची ज्योत फुंकरीने वाकवायची, विझवायची नाही. जो विझवेल त्याने काडी ओढून ती परत लावायची. पोटावर एक किलो तांदळाची पिशवी ठेवून ती श्वासाने वर उचलायची. मग खांदे, मग हात, मग खुर्चीतून उठणं-बसणं. पण कुणी जोर लावायला लागला की मास्तर त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला बसवत. "दमायच्या आधी थांबायचं. दमून थांबला तो उद्या येत नाही."

शेवटी एकेकाची मोजणी. मास्तर ड्रमच्या लाकडी कडेवर काठी आपटत आणि समोरचा आकडे म्हणे. समोरच्या बुटांच्या दुकानातल्या लोकांपासून शेजारच्या कारखान्यातल्या शिलाई मशीनवाल्यांपर्यंत सगळ्यांना तो आवाज ओळखीचा झाला होता.

पहिल्या भेटीत मी कासिम नावाच्या जीन्स कारागिराला पाहिलं. त्यालाही मास्तरांसारखाच लकवा झाला होता. दोन भाऊ त्याला उचलून आणत. त्याचा आकडा होता सोळा. सात महिन्यांनी तो स्वतःच्या पायाने आला आणि चव्वेचाळीसपर्यंत मोजून म्हणाला, "मास्टर, अब तो सेठ मुझे भी बारात में ले लेगा."

"तुझा आवाज ऐकून घोडा पळेल," मास्तर म्हणाले आणि फळ्यावर चव्वेचाळीस लिहिलं.

त्या चव्वेचाळीसमध्ये खोटं काही नव्हतं. मी माझ्या घड्याळावर पाहिलं होतं, बावीस सेकंद.

मी लेख लिहिला. चार कॉलम, मास्तरांच्या फोटोसह. त्यात एक वाक्य होतं: 'या वर्गात नियमित येणाऱ्या कोणाचाही आकडा अद्याप पंधराच्या खाली गेलेला नाही.' मास्तरांनी सांगितलं, मी फळा पाहिला, छापलं. लेखानंतर टिटवाळ्यापासून वांगणीपर्यंतची माणसं येऊ लागली. त्या माणसांत माझी थोरली बहीण कुंदाताई होती.

ताई बदलापूरला प्राथमिक शाळेत शिक्षिका होती. लग्न केलेलं नव्हतं. आई गेल्यापासून आम्ही दोघंच एकत्र राहत होतो. तिला मास्तरांचा आजार नव्हता. तिचे स्नायू वर्षानुवर्षं हळूहळू क्षीण होत होते. आधी जिना चढणं गेलं, मग फळ्याच्या वरच्या भागात लिहिणं. मुंबईच्या डॉक्टरांनी मस्क्युलर डिस्ट्रॉफी असं नाव दिलं आणि सांगितलं की हा आजार उलटणार नाही. आहे ते सांभाळा, छातीवर लक्ष ठेवा. ताईला एकच गोष्ट हवी होती. निवृत्तीपर्यंत वर्गात उभं राहायचं. उभं राहता आलं नाही तर बसून, पण आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोचला पाहिजे.

मास्तरांनी तिला पहिल्या दिवशी स्वच्छ सांगितलं. "बाई, कासिमचा आकडा वाढला तसा तुमचा वाढणार नाही. तुमचा टिकवायचा. टिकला तर आपण जिंकलो."

तिचा पहिला आकडा होता बावीस. मी लेखाच्या कामाचा टेपरेकॉर्डर घेऊन गेलो होतो, त्यात तो ध्वनिमुद्रित झाला.

पुढची तीन वर्षं ताई आठवड्यातून दोनदा बदलापूरहून कॅम्प तीनला जात राहिली. घरी सकाळी तांदळाची पिशवी, संध्याकाळी बाटली. दर शनिवारी घरी येऊन कॅलेंडरवर आकडा लिही. बावीस. बावीस. एकवीस. बावीस. शाळेतल्या बायका तिला विचारत तेव्हा ती आकडा सांगे, जसे लोक मुलाचे मार्क सांगतात.

तिसऱ्या वर्षी काही गोष्टी घडू लागल्या. सकाळी उठल्यावर डोकं दुखे. दुपारी मुलं पाढे म्हणत असताना तिला डुलकी लागे. एकदा मुख्याध्यापकांनी पाहिलं. झोपताना दोन उशा लागू लागल्या, मग तीन. सगळ्यात ठळक होती हजेरी. पूर्वी ती दहा-बारा नावं एका दमात घेई. आता पाच नावांनंतर थांबावं लागे. तिने मास्तरांना सांगितलं. मी त्या दिवशी तिथे होतो.

"मास्तर, हजेरी घेताना दम लागतो हो हल्ली."

"खडूची धूळ, बाई. आकडा बघा ना. एकवीस."

"आकडा बरोबर आहे म्हणा."

"मग? टेन्शन नाय घ्यायचं. टिकलाय."

त्या सकाळीही माझा टेपरेकॉर्डर चालू होता, दुसऱ्या लेखासाठी. घरी येताना रिक्षात मी तिला म्हणालो, मुंबईच्या डॉक्टरांना एकदा दाखवू या. ती म्हणाली, "कशाला? पंधराच्या खाली गेले तर जाऊ. तूच छापलंयस ना?"

पाच आठवड्यांनी तिला सर्दी झाली, ती छातीत उतरली. तिसऱ्या दिवशी सकाळी हाका मारूनही ती नीट जागी होईना. ओठ निळसर होते. इस्पितळात चार दिवसांनी शुद्ध पूर्ण आल्यावर तरुण डॉक्टरांनी तिला आकडे म्हणायला सांगितलं आणि स्वतःच्या घड्याळाकडे पाहत बोटाने पलंगाच्या दांडीवर टिचक्या दिल्या. ताई नऊवर थांबली.

"आधी किती यायचे?"

"गेल्या महिन्यात एकवीस," ताई म्हणाली.

डॉक्टरांनी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. बाहेर व्हरांड्यात ते म्हणाले, "एका सर्दीने एवढा फरक पडत नाही. हे कित्येक महिने घसरत आलंय. डोकेदुखी, झोप, उशा, सगळं तेच सांगत होतं. आधी का नाही आणलंत?"

मी सांगितलं, आम्ही मोजत होतो.

घरी येऊन मी दोन्ही कॅसेट लावल्या. पहिलीत ताई बावीसपर्यंत मोजते. काठीचे ठोके स्वच्छ ऐकू येतात. वेळ, अकरा सेकंद. दुसरीत ती एकवीसपर्यंत मोजते. वेळ, सात सेकंद. मी सहा वेळा ऐकलं. पहिल्या कॅसेटच्या ठोक्याने मोजलं असतं तर त्या सकाळी ताईचा आकडा चौदा होता. पुठ्ठा तिच्या डोक्यावरच टांगलेला होता.

दुसऱ्या दिवशी कॅम्प तीनला गेलो. दारात बबन ड्रमच्या दोऱ्या आवळत बसला होता. मी त्यालाच आधी विचारलं, ठोका पळतोय हे तुला कधी कळलं नाही का.

बबनने दोरी सोडली नाही. "कळायचं की. सगळ्यांनाच कळायचं. सगळ्यांसाठी नाय पळायचा. बाईंसाठी, अजून दोघा-तिघांसाठी. ज्यांचं उतरत चाललंय त्यांच्यासाठीच. थोडा थोडा करत."

"मग बोलला का नाहीस?"

"मास्तरांना लय पळतेय म्हणून कोण सांगणार? मी?"

मास्तर आत फळा पुसत होते. मी टेपरेकॉर्डर ढोलावर ठेवला आणि दोन्ही कॅसेट लागोपाठ ऐकवल्या. ते उभ्यानेच ऐकत राहिले. दुसरी संपली तेव्हा त्यांनी खिशातून माउथपीस काढलं, पुसलं नाही, नुसतं मुठीत धरलं.

"बाई कशा आहेत?"

"नऊ," मी म्हणालो.

ते ढोलाच्या कडेवर टेकले. तुमचा लेख यायच्या आधीची गोष्ट, म्हणाले. एमआयडीसीतल्या केमिकल कंपनीत एक पाटील होता. बाईंचाच आजार. मास्तरांनी त्याचे आकडे खरे लिहिले. एकोणीस, सतरा, चौदा. चौदाला दवाखान्यात पाठवला. तिथून तो घरी आला आणि वर्गाला येणं बंद केलं. बाटली नाही, पिशवी नाही, काही नाही. मास्तर त्याला भेटायला गेले तर तो भिंतीकडे तोंड करून पडला होता. तसाच बोलला, "काय मास्तर, आकडा घ्यायला आलात?" चार महिन्यांत गेला.

"आकडा खाली गेला की माणूस व्यायाम सोडतो, साहेब. मी बघितलंय. व्यायाम सोडला की लवकर जातो. मी फक्त माणूस येत राहावा म्हणून..."

"पाटील चौदावर गेला होता. तुम्ही मला सांगितलंत, कोणीच गेलं नाही."

"तुम्ही विचारलंत, नियमित येणाऱ्यांत कोणी आहे का. तो येत नव्हता."

मी पुठ्ठ्याकडे बोट केलं. "आणि हे कशासाठी लावलंय?"

त्यांनी माउथपीस रुमालात गुंडाळून परत खिशात ठेवलं.

ताई सहा आठवड्यांनी घरी आली. तिची शाळा कायमची सुटली होती. वैद्यकीय कारणावरून तिने राजीनामा दिला, तो मी नेऊन दिला. मी तिला कॅसेटचं सांगितलं. ती रागावली नाही, निदान माझ्यासमोर नाही. कॅलेंडर मागून घेतलं आणि मागची पानं उलटत बसली. मग म्हणाली, "हजेरी घेताना मला कळत होतं रे. पाच नावांना दम संपत होता. मी माझ्या छातीला खोटं ठरवलं आणि त्यांच्या काठीला खरं." कॅलेंडर खाली ठेवून म्हणाली, "त्यांना बोलाव. काठी घेऊन यायला सांग."

मास्तर रविवारी सकाळी आले. दारात "जय भीम" म्हणाले, पण आवाज बसलेला होता. बसायला खुर्ची दिली तर तिच्या टोकावर बसले. ताई चार उशांना टेकून होती.

"मास्तर, मी सव्वीस वर्षं शिकवलं," ती म्हणाली. मध्ये थांबून, श्वास घेऊन. "नापास पोराला पास करायचा मोह मलाही व्हायचा. घरचे मारतील, शाळा सोडेल. पण पुढच्या वर्गात तो एकटा पडतो. तिथे त्याच्याबरोबर मी नसते."

"हो, बाई."

"तुम्ही मला पुढच्या वर्गात ढकललंत."

मास्तरांनी मान खाली घातली. त्यांचं बोट गुडघ्यावर होतं, पण हलत नव्हतं.

"आता खरा ठोका द्या. मला माझा आकडा हवाय."

घरात ड्रम नव्हता. मास्तरांनी खुर्चीच्या हातावर काठी धरली. पहिला ठोका पडला तो हलका, मग दुसरा, मग लागोपाठ, सेकंदाला दोन. मी घड्याळ पाहत होतो. ताई डोळे मिटून मोजू लागली. सातनंतर आवाज बारीक झाला, नऊनंतर फक्त ओठ हलले. अकराला थांबली. काठी आणखी दोन ठोके देऊन थांबली.

"अकरा," ती म्हणाली. "लिही रे."

मी कॅलेंडरवर लिहिलं. मास्तर उठले. त्यांना काहीतरी म्हणायचं होतं. ताई म्हणाली, "पुढच्या रविवारी येऊ नका. आता हा मोजेल." आणि तिने तोंड माझ्याकडे फिरवलं.

त्यानंतर मी मोजत राहिलो. सकाळची तांदळाची पिशवी तिने सोडली नाही, संध्याकाळची बाटलीही नाही. अकराचा दहा झाला तरी नाही, नऊ झाला तरी नाही. मास्तरांचं माणसाबद्दलचं गणित निदान तिच्या बाबतीत चुकलं होतं. ती चौदा महिने जगली. शेवटच्या आठवड्यात आकडा पाच होता. तो मी तिला पाचच सांगितला.

दुसरा लेख मी लिहिला नाही. पहिल्याचं शुद्धिपत्रही छापलं नाही. संपादकांना काय सांगायचं, कोणत्या शब्दात, हे ठरवता ठरवता राहून गेलं. बँडच्या खोलीतला वर्ग ताई घरी आली त्याच महिन्यात बंद झाला, असं सेठनी सांगितलं. फळा बँडच्या तारखा लिहायला वापरत. पुठ्ठ्याचं काय झालं ते मी विचारलं नाही.

मास्तरांना मी शेवटचं पाहिलं ते काही वर्षांनी, नव्वदच्या दशकाच्या मध्यावर. कॅम्प तीनच्या बाजारातून वरात चालली होती आणि रस्ता तुंबला होता. माझी रिक्षा मागे अडकली. मास्तर पुढे होते, लाल-सोनेरी गणवेशात, केस पूर्ण पांढरे, ट्रम्पेट ओठांना. गाल भरून फुगत होते. श्वासाला काही कमी नव्हतं. नवरदेवाचे मित्र रस्त्यात बसून नाचत होते, नोटा ओवाळत होते, ओरडत होते, "तेज, और तेज!" ढोलवाला त्यांच्या नादाने भरभर मारायला लागला. बबनही.

मी मनगटावरचं घड्याळ पाहिलं. मास्तर उलटे वळले, वाद्य खाली घेतलं आणि हाताने ठोका धरून दाखवला. सेकंदाला दोन. बाजूच्या गोंगाटात त्यांचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला.

"पळवू नको रे, बबन. लग्न आहे, आग नाही लागलेली."

बबनने लय खाली आणली. वरात पुढे सरकली. रिक्षा सुटेपर्यंत मी घड्याळ पाहत होतो. ठोका शेवटपर्यंत हलला नाही.